मादी गाभण आहे का? आधी तारीख बघा

आमच्याकडून ससे नेलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मादीचं पोट दिसत नाही, गाभण आहे ना?" असे फोन आम्हाला सारखे येतात. पोटावर जाऊ नका. न्यूझीलंड व्हाइट असो की सोव्हिएत चिंचिला, शेवटच्या आठवड्यापर्यंत पोट फारसं कळत नाही, आणि खाऊन सुटलेली मादी गाभण नसतानाही भरलेली दिसते. पिंजऱ्यासोबत आम्ही एक कार्ड देतो. नर दाखवल्याची तारीख त्यावर त्याच दिवशी लिहा. पुढचा सगळा हिशोब त्या तारखेवर चालतो.

नर दाखवताना

सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नर लागल्यावर साधारण १० ते १२ तासांनी तिचं बीज सुटतं. शेपटीखालची जागा फिकट असेल तर थांबा. लालसर आणि थोडी सुजलेली असेल तर मादी तयार आहे. मादीलाच नराच्या पिंजऱ्यात न्या. उलट केलंत तर ती आपली जागा राखायला नरावर धावून जाते. नर एकदम बाजूला कलंडला की काम झालं. दोघांना रात्रभर एकत्र सोडू नका. मारामाऱ्या होतात आणि नेमकी वेळही कळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नराचं बीज कमजोर पडतं, तेव्हा मादी राहिली नाही म्हणून तिला लगेच विकायला काढू नका.

बारावा ते चौदावा दिवस

गाभण तपासायची खरी वेळ ही. मादीला पोत्यावर ठेवा, एका हाताने खांद्यापाशी धरा आणि दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा पुढे न्या. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून अलगद चाचपा. करवंदाएवढ्या मऊ, बोटांतून निसटणाऱ्या गाठी लागल्या तर मादी गाभण आहे. लेंड्या त्याहून लहान आणि कडक लागतात. दाबू मात्र नका, गर्भ दगावतात. पहिल्या खेपेला कोणालाच जमत नाही. मादी घेऊन फार्मवर या, शिकवायचे पैसे नाहीत. पुन्हा नर दाखवून "चाचणी" घेण्यात अर्थ नाही, कारण गाभण मादीही कधीकधी नर घेते.

केस उपटणं

मादी गवताच्या काड्या तोंडात धरून पिंजऱ्यात फिरू लागते, मग गळ्याखालच्या पोळीवरचे आणि पोटावरचे केस उपटून घरटं करते. हे पाहून बरेच जण खरूज समजून औषध विचारतात. खरजेत कानावर, नाकावर खपल्या धरतात. इथे कातडी स्वच्छ असते आणि केस घरट्यात असतात.

आता कार्ड काढा. १६ ते १८ दिवस झाले असतील तर ती खोटी गाभण आहे. नर लागूनही गर्भ राहिला नाही, किंवा दुसरी मादी अंगावर चढली, तरी असं होतं. त्यात आजार काही नाही. ती शांत झाली की पुन्हा नर दाखवा. २८ दिवसांच्या पुढे असेल तर विण्याची तयारी धरा.

पेटी आणि वीण

पेटी २७व्या-२८व्या दिवशी ठेवा. त्याआधी ठेवली तर मादी तिचा संडास करते. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पुरे. पुढची फळी निम्मी ठेवा. तळाला लाकडाचा भुसा, वर कोरडं गवत किंवा भाताचा पेंढा घाला. मादी ज्या कोपऱ्यात लघवी करते तो कोपरा सोडून पेटी लावा.

वीण बहुधा ३० ते ३२ दिवसांत, रात्री किंवा पहाटे होते. त्या रात्री पाण्याचं भांडं रिकामं राहू देऊ नका. तहानलेली, घाबरलेली मादी पिल्लं खाते. कुत्रं आणि पाहुणे लांब ठेवा. सकाळी हात स्वच्छ धुऊन पेटी तपासा आणि मेलेली पिल्लं काढून टाका. ३४ दिवस उलटले तर पशुवैद्यकांना दाखवा.

आई पिल्लांजवळ बसत नाही म्हणून घाबरू नका. ती दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, तेही तीन-चार मिनिटंच पाजते. पिल्लांची पोटं गोल, घट्ट दिसली म्हणजे दूध मिळतंय. जास्त धोका मुंग्यांचा. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पेटीत मुंग्यांची पावडर अजिबात टाकू नका.