सिलकून की कॅस्कून? वर्मपलचा कोष सातव्या लेव्हलला ठरत नाही

साताऱ्यात राजवाड्यापासून चार भिंतींपर्यंत फोन हातात घेऊन पोकेमॉन गो खेळणारं पोरगं असो, नाहीतर सांगलीत विश्रामबागला घरी बसून जुना रूबी किंवा एमराल्ड हा पोकेमॉनचा गेम खेळणारं. वर्मपल या अळीच्या पोकेमॉनपाशी आले की दोघंही एकाच जागी अडकतात. लाल अळी पकडली, वाढवली, हवा होता पांढरा कोष आणि निघाला जांभळा. मग सल्ले सुरू होतात. दिवसा इव्होल्व्ह कर (म्हणजे पुढच्या रूपात ने), मादी घे, अमुक नेचरची (स्वभावाची) घे, गेम बंद करून पुन्हा लाव. यातला एकही सल्ला खरा नाही, आणि का खरा नाही हे कळलं की निम्मी मेहनत वाचते.

आधी ओळख. वर्मपल २००२ साली रूबी-सफायरमधून आला, नॅशनल डेक्समध्ये, म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या यादीत, क्रमांक २६५. सातव्या लेव्हलला त्याचा कोष होतो, आणि कोष दोन: सिलकून (२६६) आणि कॅस्कून (२६८). सिलकून पांढरा, ०.६ मीटर, १० किलो. कॅस्कून जांभळा, ०.७ मीटर, साडेअकरा किलो. दोघांच्याही धाग्यांतून लाल डोळा बाहेर डोकावतो, त्यामुळे डोळ्यावरून ओळखायला जाऊ नका, रंग बघा. दहाव्या लेव्हलला सिलकूनमधून फुलपाखरू निघतं, ब्यूटीफ्लाय. कॅस्कूनमधून पतंग, डस्टॉक्स. टीम रॉकेटच्या जेसीचा कार्टूनमध्ये हाच घोळ झाला होता: कॅस्कूनला ती सिलकून समजून बसली आणि शेवटी हातात आला डस्टॉक्स.

रंग सोडला तर कोषांच्या आकड्यांत काडीचा फरक नाही. एचपी (जीव) ५०, अटॅक ३५, डिफेन्स ५५, स्पेशल अटॅक २५, स्पेशल डिफेन्स २५, स्पीड १५, बेरीज २०५, दोन्हीकडे हेच. दोघंही शुद्ध बग (कीटक) टाइप, दोघांची ॲबिलिटी (अंगचा गुण) शेड स्किन, दोघं शिकतात ती मूव्ह (डाव) हार्डन. म्हणजे ‘सिलकून मजबूत की कॅस्कून’ हा वादच पोकळ आहे. फरक आहे तो कोषाच्या आधी आणि कोषाच्या नंतर.

आधीचा फरक असा. वर्मपल समोर येतो तेव्हाच गेम त्याला एक मोठा गुप्त आकडा देऊन टाकतो. जुन्या गेम्समध्ये त्याला पर्सनॅलिटी व्हॅल्यू म्हणतात; २०१३ च्या एक्स-वाय पासून वर्मपलसाठी एन्क्रिप्शन कॉन्स्टंट नावाचा वेगळा आकडा वापरतात. हा आकडा ३२ बिटांचा. गेम त्यातले वरचे १६ बिट घेतो, त्यांना १० ने भागतो आणि बाकी बघतो. बाकी ० ते ४ आली तर सिलकून, ५ ते ९ आली तर कॅस्कून. सातवी लेव्हल आली की गेम हे गणित फक्त उघड करून दाखवतो, ठरवत काहीच नाही. (हिशेबाची हौस असलेल्यांसाठी: वरच्या १६ बिटांत ६५,५३६ शक्यता असतात, त्यातल्या ३२,७७० सिलकूनच्या आणि ३२,७६६ कॅस्कूनच्या. चार शक्यता सिलकूनला जास्त. फायदा शून्य, पण खरं आहे.)

या गणितात घड्याळ नाही, नर-मादी नाही. जुन्या गेम्समध्ये नेचर त्याच आकड्यावरून निघतो, म्हणून गैरसमज होतो. पण नेचरसाठी पूर्ण आकडा २५ ने भागून बाकी बघतात, त्यामुळे एका विशिष्ट नेचरचे वर्मपल सगळे सिलकूनच होतील असं काही नसतं. इव्होल्व्ह व्हायच्या आधी सेव्ह करून, नको तो कोष आला की गेम पुन्हा लावणं हा तर सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फुकटचा उद्योग. आकडा पकडतानाच वर्मपलला चिकटलेला असतो. शंभर वेळा लावा, शंभर वेळा तोच कोष येणार. बी बटण दाबून इव्होल्यूशन थांबवलं तर पुढच्या लेव्हलला गेम पुन्हा विचारेल, पण कोष तोच. लेव्हल वाढवणारी रेअर कँडी खाऊ घातली तरी तोच.

अंड्यांचंही तेच. ब्यूटीफ्लाय मादीच्या अंड्यातून निघालेला वर्मपल कॅस्कूनही होऊ शकतो. आईबापांचा कोष पोरांना वारशात मिळत नाही, अंड्याला त्याचा स्वतःचा आकडा मिळतो. आणि शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाच्या दुर्मिळ, वर्मपलबद्दल एक सावधगिरी: तो जांभळा असतो. जांभळी अळी दिसली म्हणून जांभळाच कोष येणार, असं समजू नका, तिथेही निम्मे-निम्मे.

मग हवा तो कोष मिळवायचा कसा? रस्ते दोनच, आणि दोन्हींची किंमत वेगळी.

पहिला रस्ता सरळ: जास्त पकडा. एक वर्मपल घेतला तर हवा तो कोष यायची शक्यता निम्मी. चार घेतले तर निदान एक तरी हवा तो निघण्याची शक्यता सोळात पंधरा, पाच घेतले तर बत्तीसात एकतीस. होएनमध्ये (रूबी, सफायर, एमराल्डचा प्रदेश) रूट १०१, १०२, १०४ आणि पेटलबर्ग वूड्स या सगळीकडे वर्मपल मिळतात, त्यामुळे पाच पकडणं अवघड नाही. रूट १०१ वर ते लेव्हल दोन-तीनचे असतात. तिसऱ्या लेव्हलवरून सातव्यापर्यंत न्यायला ३१६ एक्सपिरियन्स पॉइंट लागतात. पाचही एकदम वाढवायची घाई करू नका. एक वाढवा, कोष बघा, नको तो निघाला तर दुसरा घ्या. सरासरी दोनातच काम होतं.

दुसरा रस्ता म्हणजे तयार कोषच पकडायचा. पेटलबर्ग वूड्समध्ये दोन्ही कोष जंगलात भेटतात. डायमंड-पर्लमध्ये इटर्ना फॉरेस्टात सिलकून डायमंडमध्ये, कॅस्कून पर्लमध्ये, प्लॅटिनममध्ये दोन्ही. इथे नशिबाचा भाग उरत नाही. पण खोट अशी की पेटलबर्ग वूड्समधल्या जंगली कोषाला फक्त हार्डन येतं. त्याला मारता येत नाही, फक्त कडक होता येतं. वर्मपलपासून वाढवलेल्या कोषाकडे आधीचे टॅकल आणि पॉयझन स्टिंग शिल्लक असतात, जंगली कोषाकडे तेही नाहीत. पाचव्या लेव्हलवरून दहाव्यापर्यंत ८७५ पॉइंट हवेत आणि ते त्याला एकट्याने कमावता येत नाहीत. दर लढाईत त्याला पुढे ठेवायचं, पहिल्याच फेरीत मागे घ्यायचं आणि दुसऱ्याकडून जिंकून घ्यायचं. तेव्हा वाटणीचा निम्मा एक्सपिरियन्स त्याच्या पदरात पडतो. वेळ असेल तर ठीक. नाहीतर पाच वर्मपलांचा रस्ता स्वस्त.

दहाव्या लेव्हलला एक खड्डा आहे. रूबी, सफायर आणि एमराल्डमध्ये ब्यूटीफ्लायला ॲबसॉर्ब आणि डस्टॉक्सला कन्फ्यूजन बरोबर दहाव्या लेव्हलला मिळतं. कोष दहाव्याला उघडला की ते लगेच हाती येतं. तिथे चुकून बी दाबलं आणि अकराव्याला इव्होल्व्ह केलं, तर ती मूव्ह हुकते. मग फॉलआर्बर गावात हार्ट स्केल देऊन ती परत शिकवावी लागते, आणि फॉलआर्बर खूप पुढे आहे. दहाव्या लेव्हलला बोट बी बटणापासून लांब ठेवा.

आता नंतरचा फरक, म्हणजे कोष उघडल्यावर काय मिळतं ते. ब्यूटीफ्लाय बग-फ्लाइंग, स्पेशल अटॅक ९० (२०१३ पासून १००), डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दोन्ही ५०. डस्टॉक्स बग-पॉयझन, स्पेशल अटॅक ५०, पण डिफेन्स ७० आणि स्पेशल डिफेन्स ९०. स्पीड दोघांचा ६५. एक मारतो, दुसरा सोसतो.

रूबी-सफायरमध्ये पहिली जिम, म्हणजे प्रमुखाशी लढायचा टप्पा, रॉक्सॅनची: जिओड्यूड लेव्हल १४, नोजपास लेव्हल १५. जिओड्यूड रॉक-ग्राउंड, म्हणून ॲबसॉर्ब चौपट लागतं आणि ब्यूटीफ्लाय त्याच्या आधी वार करतो. एक-दोन फटक्यांत जिओड्यूड आडवा. इथवर खुश होऊन लोक ब्यूटीफ्लायलाच नोजपाससमोर ठेवतात आणि घात होतो. नोजपासचा स्पेशल डिफेन्स ९०, ॲबसॉर्ब फक्त दुप्पट, म्हणजे चार-पाच वेळा मारावं लागतं. तेवढ्यात त्याचा एक रॉक टूम चौपट लागतो आणि ब्यूटीफ्लाय संपतो. जिओड्यूड पडला की त्याला मागे घ्या आणि सुरुवातीला मिळालेला मडकिप किंवा ट्रीको पुढे आणा. डस्टॉक्सला रॉक हल्ला दुप्पटच लागतो, पण जिओड्यूडला झटकन पाडण्यासारखं त्याच्याकडे काही नाही.

दुसरी जिम ब्रॉलीची, फायटिंगची. फायटिंग हल्ला दोघांनाही चतकोरच लागतो. कन्फ्यूजन फायटिंगला दुप्पट लागतं, म्हणून सगळे डस्टॉक्सचं नाव घेतात. आकडेमोड मात्र वेगळं सांगते. ब्यूटीफ्लायचा गस्टही (लेव्हल १३) फायटिंगला दुप्पट, शिवाय त्याच्याच टाइपचा, म्हणून दीडपट. ४० चा ६० होतो आणि त्याला अटॅक ७० चा जोर. डस्टॉक्सचं कन्फ्यूजन ५० चं, टाइप त्याचा नाही, मागे जोर फक्त ५० चा. मारायचंच असेल तर ब्रॉलीसमोरही ब्यूटीफ्लाय सरस. तिसऱ्या जिममध्ये वॉटसनचे इलेक्ट्रिक पोकेमॉन आले की पारडं फिरतं: ब्यूटीफ्लायला दुप्पट, डस्टॉक्सला साधंच. तिथून पुढे डस्टॉक्सचा खेळ वीसला मूनलाइट, एकतीसला लाइट स्क्रीन आणि अडतीसला टॉक्सिक; सावकाश विष चढवायचं आणि टिकून राहायचं. लवकर कामाला हवा तर सिलकूनची वाट धरा, लांबवर टिकणारा हवा तर कॅस्कूनची. खरं सांगायचं तर चौथ्या जिमच्या आसपास बहुतेक लोक दोघांनाही बॉक्समध्ये टाकतात, आणि ते काही चुकीचं नाही.

जाता जाता, तुती लावून रेशीम काढणाऱ्या सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला सिलकून दाखवलात तर तो हसेल. चंद्रिकेवर (कोष विणायला ठेवलेल्या चौकटीवर) अळीने विणलेला पांढराशुभ्र कोष आणि त्यातून फुलपाखरू? रेशमाच्या कोषातून पतंग निघतो, आणि तो कोष फोडून बाहेर आला तर अखंड धागा मिळत नाही, म्हणूनच कोष त्याआधी विकले जातात. फुलपाखरं सहसा कोष विणतच नाहीत. परसातल्या कढीपत्त्यावरची हिरवी अळी बघा: ती शेपटाकडून फांदीला चिकटते, कमरेभोवती एकच धागा घेते आणि उघडीच लटकते, त्यातून लिंबावरचं काळं-पिवळसर फुलपाखरू निघतं. त्या हिशेबाने गेममध्ये कॅस्कून ते डस्टॉक्स ही वाट निसर्गाला धरून आहे आणि सिलकून ते ब्यूटीफ्लाय ही कल्पनेची.

पोकेमॉन गो मध्ये हिशेब निराळा, कारण तिथे इव्होल्व्ह व्हायला लेव्हल नाही, कँडी लागते. वर्मपलचा कोष करायला १२ कँडी, कोषाचं पाखरू करायला ५०. कोणता कोष येईल ते इथेही हातात नाही. दोन्ही कोष मिळेपर्यंत सरासरी तीन वर्मपल इव्होल्व्ह करावे लागतात, म्हणजे ३६ कँडी, अधिक दोन पाखरांच्या १००. एकूण १३६ धरा. एक वर्मपल पकडला की ३ कँडी, पायनॅप बेरी (कँडी दुप्पट करणारं फळ) देऊन पकडला की ६. म्हणजे बेरीसकट तेवीसेक वर्मपल. जास्तीचे प्रोफेसरकडे पाठवले की प्रत्येकी एक कँडी परत येते.

इथे खरा खर्च होतो तो स्टारडस्टचा, म्हणजे पोकेमॉनची ताकद वाढवायला (पॉवर अप) लागणाऱ्या गेममधल्या धुळीचा. चांगला आयव्ही (जन्मजात ताकद) असलेला वर्मपल सापडला की लोक त्याला लगेच पॉवर अप करतात, ‘हा माझा ब्यूटीफ्लाय’ म्हणून. आणि पुढे तो कॅस्कून निघतो. कोष दिसेपर्यंत स्टारडस्टला हात लावू नका. शायनी एकच असेल आणि दोन्ही रंगांचं पाखरू चालणार नसेल, तर तो अळीच राहू द्या.

बग टाइपला गो मध्ये पावसाची साथ असते: पाऊस असला की असे पोकेमॉन जास्त दिसतात, वरच्या लेव्हलचे भेटतात आणि पकडल्यावर स्टारडस्टही पाव भाग जास्त मिळतो. जुलैत महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला राहणाऱ्याला ही सोय घरबसल्या; जत-आटपाडीवाल्याने वाट बघायची. फक्त गेम तुमच्या छत्रीवरचा पाऊस बघत नाही, हवामानाच्या माहितीवरून त्या भागासाठी हवा ठरवतो. बाहेर सडाका चालू असताना नकाशावर ढगाचं चिन्ह असू शकतं, आणि उन्हातही पावसाचं. बेऱ्या खर्च करण्याआधी वरच्या कोपऱ्यातलं ते चिन्ह बघा.