वेखंडाचे दोन वेढे

बाळाची आंघोळ उरकली की आमच्याकडे गुटीसाठी सहाण पुढे यायची. आधी आईच्या दुधाचे चार थेंब, मग मायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ असं एकेक त्यावर फिरायचं. आजीचा सगळा हिशोब वेढ्यांत. हळकुंडाचे तीन, सुंठीचा एक, वेखंडाचे दोन. "दोनच हं. जास्त झालं तर पोर ओकतं," हे ती दर वेळी बजावायची. आम्हाला तेव्हा ती उगाच धाक घालते असं वाटायचं. पण तिचं म्हणणं खरं होतं. आयुर्वेदात वमनाच्या औषधांत मदनफळाच्या जोडीला वचा, म्हणजे वेखंडच, घालतात. पाश्चात्त्य देशांत नशेच्या आशेने हे कांडं चघळणाऱ्यांनाही नशा राहिली बाजूला, तासन्‌तास उलट्याच झाल्या आहेत.

वचा हे नाव वाचेवरून आलं. बाळाची जीभ सुटावी, उच्चार स्पष्ट यावेत म्हणून ते चाटवायचं. तमिळमध्ये वेखंडाला वसंबू म्हणतात आणि त्याचं एक लाडकं नाव आहे 'पिळ्ळै वळर्प्पान', पोरं वाढवणारा. संस्कृतातलं दुसरं नाव मात्र जास्त प्रामाणिक वाटतं: उग्रगंधा. गुटीच्या डब्याचं झाकण उघडलं की पहिला वास त्याचाच येतो.

वनस्पती म्हणून वेखंड भलतंच वेगळं आहे. दलदलीत, ओढ्याकाठी तलवारीसारखी लांब पानं आणि चिखलात आडवं पसरणारं गाठाळ कांडं. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनी त्याला अळवाच्या कुळात बसवलं होतं. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की गवत, केळी, नारळ, कांदा, अळू या साऱ्या एकदल वनस्पतींच्या घराण्यातून सर्वांत आधी फुटून निघालेली शाखा ती हीच. आता त्याला स्वतःचं स्वतंत्र कुळ आहे.

त्या वासाचं मुख्य रसायन म्हणजे बीटा-असॅरोन. लवंगेतलं युजेनॉल, बडीशेपेतलं अॅनेथॉल हे त्याचे चुलत भाऊ. सांगाडा तोच: कार्बनचं षटकोनी कडं आणि त्याला लटकलेली तीन कार्बनची शेपटी. असॅरोनच्या कड्यावर तीन मिथॉक्सी गट, म्हणजे ऑक्सिजनमार्फत जोडलेला एकेक कार्बन, बसलेले असतात. शेपटीतल्या दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंचे भाग एकाच अंगाला वळले तर बीटा, विरुद्ध अंगाला वळले तर अल्फा. खरी अडचण या शेपटीपाशी आहे. यकृतातली विकरं (एन्झाइम) परकं रसायन बाहेर टाकण्यासाठी त्याच्यात ऑक्सिजन घुसवतात. इथे तो नेमका शेपटीच्या दुहेरी बंधात घुसतो आणि इपॉक्साइड नावाचं तीन अणूंचं ताणलेलं कडं तयार होतं. असं कडं फार काळ टिकत नाही. जवळ जे सापडेल त्याला चिकटतं. डीएनए सापडला तर डीएनएला.

अमेरिकेत १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांना खाण्यातून दोन वर्षं वेखंडाचं तेल दिलं होतं, दशलक्ष भागांत ५०० ते ५००० भाग या प्रमाणात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गाठी आल्या, त्यातल्या काही कर्करोगाच्या. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड आणि त्याचं तेल वापरायला बंदी घातली. प्रयोगातलं तेल कुठल्या जातीचं होतं? जम्मूच्या.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण वेखंड हे एकच झाड नाही. त्याच्या गुणसूत्रांचा मूळ संच १२चा. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत उगवतं त्याचे दोन संच, म्हणजे २४ गुणसूत्रं, आणि त्याच्या तेलात बीटा-असॅरोन जवळपास नसतंच. युरोपातल्या वेखंडाला तीन संच, ३६. तीनची सारखी वाटणी होत नाही, म्हणून त्याला बी धरत नाही. कांडं तोडून लावावं तेव्हा वाढतं. त्याच्या तेलात बीटा-असॅरोन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. चार संचांचं, ४८ गुणसूत्रांचं, ते भारतात आणि पूर्व आशियात. तिथे हेच प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे, कधीकधी ९० पारही जातं. आपल्याकडे तीन संचांचं वेखंडही मिळतं. पण वाळलेली दोन कांडी हातात घेतली तर त्यातलं कुठलं कुठलं, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

युरोपीय संघाचा कायदा म्हणूनच गुणसूत्रांवर बोट ठेवतो. चार संचांचं वेखंड स्वादासाठी वापरायचंच नाही, आणि मद्यात बीटा-असॅरोन किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर नको. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही स्वाद म्हणून बीटा-असॅरोनला मनाई आहे. गुटी मात्र औषधात मोडते, खाण्यात नाही, त्यामुळे ती या नियमाच्या बाहेरच राहते.

आता सहाणेवरचा हिशोब करू. कांड्यात २ टक्के तेल आणि तेलात ८० टक्के बीटा-असॅरोन धरलं, तर एका ग्रॅम वेखंडात १६ मिलिग्रॅम येतं. दोन वेढ्यांत १० मिलिग्रॅम वेखंड उतरलं असं समजा, म्हणजे बाळाच्या पोटात रोज ०.१६ मिलिग्रॅम. आकडा लहान आहे. पण बाळही चार किलोचं, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. माणसांत वेखंडामुळे कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, हेही तितकंच खरं. गुटीवर वाढलेली मंडळी नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेली आपण सगळेच पाहतो, मीही त्यातूनच आलो आहे. तरी "आम्हाला नाही काही झालं" हा युक्तिवाद मला इथे पुरत नाही. आजीचं माप उलटीवर बेतलेलं होतं. उलटी लगेच दिसते, तिथे हात आखडता घेता येतो. डीएनएला पडलेला ओरखडा कुठल्याच आजीला दिसला नसता, आणि अशा रसायनांच्या बाबतीत 'इतकं चालेल' अशी रेघ शास्त्रज्ञही आखत नाहीत.

आयुर्वेदात वचा सरळ वापरत नाहीत. गोमूत्रात, मुंडी या वनस्पतीच्या काढ्यात उकळून तिचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, सांगितलं आहे. बीटा-असॅरोन वाफेबरोबर उडून जाणारं आहे, तेव्हा उकळण्याने ते कमी होणं रसायनशास्त्रालाही पटतं. पण गुटीच्या पाकिटातल्या कांड्याचं असं शोधन कुणी केलेलं असतं का? शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तिथेच खरं तर विषय संपतो. वेखंडाची पूड टाळूवर चोळणं त्यापेक्षा बरं, पण ती बाळाच्या नाकातोंडापुढे उधळायची नाही. आणि धुरीचा धूर छातीला वाईटच, मग तो वेखंडाचा असो की ओव्याचा.

गंमत म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजीच्या बॅगेत गुटीचा डबा हमखास असतो. तिथल्या तळ्याकाठी बीटा-असॅरोन नसलेलं वेखंड उगवतं, आणि आपण इथून तेरा-चौदा हजार किलोमीटर कदाचित चार संचांचं घेऊन जातो.

परवा काष्ठौषधीच्या दुकानात विचारलं, हे कुठलं वेखंड? "वेखंड म्हणजे वेखंड," दुकानदार म्हणाला. मग जरा थांबून, "कर्नाटकातून येतं." मी तरी दोन कांडी घेतली. १९७७ साली जम्मूच्याच संशोधकांनी दाखवलं होतं की बीटा-असॅरोनमुळे किड्यांच्या माद्यांचे अंडाशय नीट वाढत नाहीत, म्हणजे त्यांची पुढची पिढीच थांबते. एक कांडं पुस्तकांच्या कपाटात टाकलं, एक आईच्या पैठणीच्या घडीशेजारी, मलमलच्या पुरचुंडीत. गव्हाच्या डब्यात मात्र नाही टाकलं. ते गहू शेवटी पोटातच जाणार.