घुमणे, पडसाद, निनाद : ग्वाल्हेरच्या मराठीतील नादशब्द

पुन्हा ऐकू येणाऱ्या, रेंगाळणाऱ्या किंवा अनेकांच्या तोंडून उचलल्या जाणाऱ्या आवाजासाठी मराठीत असलेले शब्द. पडसाद, प्रतिध्वनी, घुमणे, निनाद, दुमदुमणे, आस, घुमारा, झील, पालुपद हे त्यांतले नेहमीचे. कोशात पाहिले तर त्यांतले बरेचसे एकमेकांच्या अर्थाला दिलेले आढळतात, पण बोलताना प्रत्येकाची जागा ठरलेली असते. आवाज जाऊन परत आला, आहे तिथेच राहिला की दुसऱ्या कुणी उचलला, त्यावर शब्द बदलतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला तळ हलवल्यानंतर त्यांच्या छावणीचे जे ‘लष्कर’ वसले, तिथली मराठी घरे दोन शतके हिंदीच्या शेजारात नांदली आहेत. गाणे आणि कीर्तन यांमुळे त्या घरांत या शब्दांचा वापर जिवंत राहिला, आणि हिंदीच्या सहवासामुळे त्यांतले काही शब्द हललेही.

‘पडसाद’ हा संस्कृत ‘प्रतिशब्द’, प्राकृत ‘पडिसद्द’ या वाटेने आलेला शब्द. साद स्त्रीलिंगी (‘साद घातली’), पडसाद मात्र पुल्लिंगी, आणि त्याच्याबरोबर क्रियापद येते ते बहुधा ‘उमटणे’. शाईचा ठसा उमटावा तसा आवाजाचा ठसा समोरच्या कड्यावर उमटतो, ही कल्पना भाषेनेच करून ठेवली आहे. आज वर्तमानपत्रांत हा शब्द जवळजवळ लाक्षणिकच झाला आहे. निर्णयाचे पडसाद सभागृहात उमटतात, ते शहरभर उमटतात, आणि त्यात आवाज असेलच असे नाही. खऱ्या आवाजासाठी पाठ्यपुस्तकातला ‘प्रतिध्वनी’ पुढे आला. ही वाटणी आता पक्की झाली असली तरी दरीतून परतलेल्या हाकेला पडसाद म्हणणे आजही अधिक नेमके आणि अधिक मराठी वाटते.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढणाऱ्या उरवाईच्या घाटीत दोन्ही अंगांना वालुकाश्माचे कडे आहेत, त्यांत पंधराव्या शतकातल्या भव्य जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. पडसाद म्हणजे काय ते समजून घ्यायला अशी जागा उत्तम. मूळ आवाजाचा ठसा कानात सुमारे ०.१ सेकंद टिकतो, म्हणून परतलेला आवाज वेगळा ऐकू यायला मधे तेवढा वेळ जावा लागतो. २२ अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला ३४४ मीटर जातो, आणि आवाजाला जाऊन परत यायचे असते, तेव्हा कडा किमान १७.२ मीटर दूर हवा. कडा ८६ मीटरवर असेल तर आवाज अर्ध्या सेकंदाने परततो. जवळच्या कड्यासमोर ‘दादा’ अशी हाक मारली तर पहिला ‘दा’ आपल्याच दुसऱ्या ‘दा’खाली बुडतो आणि शेवटचा तेवढा मोकळा ऐकू येतो. पडसाद नेहमी हाकेचे शेपूटच परत आणतो असे वाटते, त्याचे कारण हेच.

‘घुमणे’ ही या सगळ्यातली सर्वांत समर्थ क्रिया. इथे आवाज परत येत नाही, कोंडला जातो. रिकाम्या खोलीत बोलणे घुमते, वळचणीला पारवा घुमतो, डग्गा घुमतो. अश्विन शुद्ध अष्टमीच्या रात्री कोकणस्थांच्या कुळाचारात महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, तिथे हा शब्द दोन अर्थांनी एकत्र येतो. उकडीचा मुखवटा असलेल्या देवीसमोर बाई घागर तोंडाशी धरते आणि तिच्या काठावरून आडवी फुंकर मारते. फुंकर बरोबर लागली की आतली हवा एका ठरावीक कंपनसंख्येने हलू लागते आणि घागर खोल, सलग आवाज देते. मोठ्या पोटाची घागर खालचा स्वर देते, लहान घागर वरचा. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येते, तेव्हा तीही ‘घुमू लागली’ असेच म्हणतात. भांडे आणि माणूस यांना एकच क्रियापद लावणारी ही भाषा आवाजाने अंग भरून जाणे म्हणजे काय हे जाणते.

हिंदीत ‘घूमना’ म्हणजे फिरणे. त्यामुळे ग्वाल्हेरकडच्या मराठीत ‘संध्याकाळी घुमायला गेलो होतो’ असे वाक्य सहज येते, आणि आवाजासाठी मग ‘गुंजणे’ वापरले जाते: ‘हॉलमध्ये फार आवाज गुंजतो.’ मराठीत गुंजणे भुंग्याचे, गुंजारव कोमल. मोठ्या दालनातल्या आवाजाला तो शब्द पुरत नाही. दोन भाषांच्या शेजारात असे होणारच, त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. तरी घुमणे गमावण्यासारखा शब्द नाही.

वाक्यरचनाही वेगवेगळी असते. आवाज सभागृहात घुमतो. तिथे आवाज कर्ता, जागा सप्तमीत. गल्ली जयघोषाने दुमदुमते. तिथे जागाच कर्ता होते आणि आवाज तृतीयेत जातो. म्हणून गणपतीच्या मिरवणुकीला दुमदुमणे शोभते, एकट्या माणसाच्या हाकेला नाही. ‘निनादणे’ दोन्ही रचना पत्करते. खणखण, घणघण, ठणठण हे अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द आवाजाची पुनरावृत्ती अक्षरांतच दाखवतात; ‘-आट’ लागला की कल्लोळ होतो (घणघणाट), ‘-ईत’ लागला की गुण होतो. नाणे खणखणीत, तब्येत ठणठणीत, विजय दणदणीत.

माणसांनी उचललेल्या आवाजाचे शब्द गाण्यातून आले. पुढच्याने म्हटलेली ओळ मागच्यांनी धरणे म्हणजे झील धरणे, आणि विचार न करता दुसऱ्याचेच म्हणणे म्हणजे री ओढणे. अभंगात ‘धृ’ लिहिलेली ओळ प्रत्येक कडव्यानंतर येते ते ध्रुवपद. पालुपदही तेच, पण व्यवहारात ‘त्याचे तेच पालुपद’ म्हटले की कंटाळा व्यक्त होतो. ध्रुवपदावरूनच नाव पडलेल्या ध्रुपदगायनाला राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) यांनी याच शहरात मोठा आश्रय दिला. दर डिसेंबरात होणाऱ्या तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा आणि मीलाद (पैगंबरांचे स्तुतिगान) यांनी होते.

गवयांचे शब्द सर्वांत बारीक आहेत. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये ग्वाल्हेरात शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या घराण्याची गायकी खुल्या, भरदार आवाजाची, आणि अशा आवाजाला तंबोरा तसाच बोलका लागतो. छेडल्यानंतर तार जितका वेळ बोलत राहते ती तिची ‘आस’. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सुताचा धागा सरकवून तार जिथे झंकारू लागते तिथे ‘जवारी लागली’. मग खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. तो तारेचा पाचवा अंशस्वर, म्हणजे तिच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीचा स्वर. सरोदावरच्या तरफेच्या ताराही अशाच, न छेडता आपापल्या स्वराला हलतात. ‘घुमारा’ मात्र चामड्याचा, डग्ग्याचा आणि पखवाजाचा. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त स्वराची व्याख्या करताना त्याला ‘स्निग्ध’ आणि ‘अनुरणनात्मक’ म्हटले: आघातानंतर मागे राहतो तोच स्वर.

हाच ‘अनुरणन’ शब्द हिंदी विज्ञानपुस्तकांत, भिंतींवरून वारंवार परावर्तन होऊन आवाज रेंगाळण्याला वापरतात. महाराष्ट्राच्या पुस्तकांत त्यालाच ‘निनाद’ म्हणतात. आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे त्याचे माप. दालन मोठे तसा तो वाढतो, सतरंज्या, पडदे आणि माणसे वाढली की कमी होतो. ‘अनुनाद’ वेगळा: एका वस्तूच्या कंपनाने त्याच कंपनसंख्येच्या दुसऱ्या वस्तूने हलणे. हिंदी माध्यमात शिकलेला ग्वाल्हेरचा मराठी विद्यार्थी पुण्याचे पुस्तक उघडतो तेव्हा निनाद आणि अनुनाद यांत हमखास गोंधळतो. तरफेची तार अनुनाद करते आणि ती ज्या घुमटाखाली वाजते तो घुमट निनाद देतो, एवढे ध्यानात ठेवले की दोन्ही पुस्तके जुळतात.