पुस्तक भिशी

महाराष्ट्रातील वाचकांनी पैशांच्या भिशीवरून बेतलेली वाचनमंडळाची पद्धत. नेहमीच्या भिशीत दहाबारा जण दरमहा ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याचे नाव निघेल त्याला सगळे पैसे मिळतात. पुस्तक भिशीतही चिठ्ठी निघते, मात्र भिशी लागलेल्याने त्या पैशांची पुस्तकेच घ्यायची असतात. काही भिश्यांत पैसा मुळीच नसतो. वाचलेले पुस्तक आणायचे, त्यावर बोलायचे आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे, एवढेच. बैठक घरी, सोसायटीच्या गच्चीवर किंवा वाचनालयात भरते.

मराठीत सार्वजनिक वाचनालये जुनी आहेत. पुण्यातील नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने त्यांना अनुदानाचा आधार मिळाला. पण तिथे पुस्तक बदलून घरी जायचे. वाचलेल्यावर बोलायला माणूस भेटेलच असे नाही. ही उणीव भिशी भरून काढते.

प्रत्येकाने वेगळे पुस्तक आणले की होते ती ओळख, चर्चा नव्हे. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ‘वाचायला हवे’ म्हणायचे. खरी रंगत येते ती सगळ्यांनी एकच कादंबरी वाचलेली असते तेव्हा. सुरुवातीला ‘बनगरवाडी’ (१९५५) सोयीची, कारण ती छोटी आहे आणि कुणाचीही अर्धवट राहत नाही. नायक तरुण मास्तर की ती धनगरांची वाडीच, यावर पहिला चहा सहज संपतो. ‘कोसला’ (१९६३) घेतली की मंडळ वयाप्रमाणे फुटते. होस्टेलच्या दिवसांत ती वाचलेले अजून तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या बाजूने बोलतात. ज्यांची मुले आज पुण्यात शिकतात त्यांना त्याने उडवलेले वडिलांचे पैसे दिसतात. ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, म्हणून वाद आयताच मिळतो. देवयानीवर लेखकाने अन्याय केला, असे म्हणणारे कुणीतरी निघतेच, आणि बहुधा त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नसते.

पुस्तक न वाचता आलेला सदस्य लगेच ओळखू येतो: तो मुखपृष्ठावर किंवा लेखकाच्या इतर पुस्तकांवर बोलतो. त्याला कुणी टोकत नाही. पोहे त्यालाही मिळतात.

अडचण असते ती प्रतींची. वाचनालयात जुन्या कादंबरीची बहुतेकदा एकच प्रत असते. ती दहा जणांत प्रत्येकी तीन दिवस फिरवली तर महिना जातो, आणि बैठकीच्या दिवशी पहिल्या वाचकाला शेवट आठवत नाही. म्हणून काही ठिकाणी पुस्तकात एक कोरा कागद ठेवतात आणि ज्याने त्याने वाचून झाल्यावर दोन ओळी लिहायच्या असतात. पाचवा वाचक मग पहिल्याला तिथेच उत्तर देऊन टाकतो, आणि बैठकीआधीच भांडण पेटलेले असते. उत्साही मंडळी समासातही पेन्सिल चालवतात. प्रत वाचनालयाची असेल तर परत करण्याआधी कुणाला तरी खोडरबर घेऊन बसावे लागते.