डिझाइनचे पहिले सॉफ्टवेअर आणि मराठी अक्षर : एक पार्श्वभूमी

डिझाइन शिकू पाहणारा मराठी विद्यार्थी सर्वांत आधी विचारतो तो ‘कोणते सॉफ्टवेअर शिकू?’ हाच प्रश्न. उत्तरादाखल त्याला फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, इनडिझाइन, कॅनव्हा अशी नावे ऐकायला मिळतात आणि प्रत्येक नावामागे कोणाचा तरी आग्रह असतो. मुंबईतील जाहिरातसंस्थेत काम करणारा एक सांगतो, तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा दुसरेच सांगतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. या आग्रहांचे मूळ शोधायचे तर चाळीस वर्षे मागे जावे लागते. मराठीपुरते बोलायचे तर ही निवड बराच काळ सॉफ्टवेअरच्या गुणांवर झालीच नाही. ती फाँटवर झाली.

१९८५ साली अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणि ऑल्डस कंपनीचे पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर या तीन गोष्टी जुळून आल्या आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे त्याचे ‘डीटीपी’ झाले. ऑल्डस हे नाव व्हेनिसच्या ऑल्डस मनुशियस या पंधराव्या-सोळाव्या शतकातील मुद्रकावरून घेतलेले होते. कंपनीचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड वृत्तपत्रव्यवसायातून आलेले असल्याने पेजमेकरचा पडदा म्हणजे पेस्टिंग करणाऱ्या कलावंताचे टेबलच होते: मधोमध पान आणि भोवती कात्रणे ठेवायला मोकळी जागा. ज्यांनी कात्री, गोंद आणि पट्टी घेऊन पाने लावली होती त्यांना हा पडदा ओळखीचा वाटला. आज नवशिक्याला तीच मोकळी जागा निरर्थक वाटते, कारण ज्या टेबलाची ती नक्कल आहे ते टेबल त्याने पाहिलेलेच नाही.

अडोबीचे रेखाटनासाठीचे इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि छायाचित्रांसाठीचे फोटोशॉप १९९० मध्ये आले, पण दोन्ही प्रथम अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश (मॅक) संगणकासाठी होती. कॅनडातील ओटावा येथील कोरल कंपनीने १९८९ मध्ये कोरलड्रॉ हे रेखाटनाचेच सॉफ्टवेअर आणले ते मात्र विंडोजवर चालणाऱ्या पीसीसाठी. भारतातील लहान छापखान्यांना परवडणारा संगणक हा पीसी होता, मॅक नव्हे. त्यामुळे पत्रिका, बिलबुके, दिवाळी अंकांच्या जाहिराती आणि पुढे फ्लेक्स ही सारी कामे कोरलमध्ये रुजली. सोबत मिळणाऱ्या क्लिप-आर्टचा म्हणजे तयार चित्रांचा, वेलबुट्ट्यांचा आणि चौकटींचा त्यातला वाटाही मोठा होता. (सॉफ्टवेअरच्या किमतीचा प्रश्न पुष्कळांनी उसन्या सीडीने सोडवला, हेही येथे नोंदवले पाहिजे.)

हे झाले यंत्राचे. अक्षराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्या काळच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हांची सोय असे आणि त्या जागा इंग्रजीला धरून आखलेल्या होत्या. देवनागरीत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार आणि अक्षराच्या आधी दिसणारी पहिली वेलांटी हे सारे बसवायचे कसे? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची आयएसएम प्रणाली, बंगळुरूची आकृती अशा उत्पादनांनी यावर व्यवहारी तोड काढली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे आणि कोणती कळ दाबली की कोणते तुकडे कोणत्या क्रमाने उमटवायचे हे काम वेगळ्या कीबोर्ड-प्रोग्रामकडे द्यायचे. पेजमेकर किंवा कोरल यांच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असे. म्हणूनच त्या कंपन्यांनी मराठीसाठी बोटही न उचलता मराठी पुस्तके त्यांच्यात जुळवली गेली.

या सोयीची किंमत पुढे मोजावी लागली. एका कंपनीच्या फाँटमधला मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये उघडला की चिन्हांचा कचरा दिसे. शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे सूची लावता येत नसे. प्रत्येक छापखाना एका फाँटमालिकेशी बांधला गेला आणि त्याच्याकडे काम शिकणारा मुलगाही. डीटीपी शिकणे म्हणजे प्रत्यक्षात ऑपरेटरच्या शेजारी बसून त्याचा कीबोर्ड, त्याचे शॉर्टकट आणि त्याच्याच आवृत्तीतल्या खोडी शिकणे. मेन्यूतील इंग्रजी शब्दांचा अर्थ न कळताही हात वेगाने चालत. ही विद्या कमी लेखण्याजोगी नाही, पण ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहज नेता येत नसे. ‘फाइल कर्व्ह करून द्या’ ही छापखान्याची अटही याच परिस्थितीत घट्ट झाली, कारण समोरच्याकडे तो फाँट असेलच याची खात्री नव्हती. अक्षरांचे आकार करून टाकले की फाँट लागत नाही. मात्र नंतर मुद्रितशोधनही करता येत नाही.

अडोबीने १९९४ मध्ये ऑल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये पाने जुळवण्याचेच इनडिझाइन आणले, २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती काढली. इंग्रजी प्रकाशनव्यवसाय हळूहळू इनडिझाइनकडे सरकला. मराठीत पेजमेकर त्यानंतरही अनेक वर्षे चालत राहिले. त्यात आळसाचा भाग असेलही, पण मुख्य कारण वेगळे होते: जुन्या फाँटमधले हजारो पानांचे मॅटर आणि त्यावर बसलेला हात.

दरम्यान युनिकोड या, जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःची जागा मिळालेली होती. विंडोज २०००मध्ये ती संगणकावर दिसू लागली. त्यासाठीचा ‘मंगल’ हा फाँट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. तरीही डिझाइनची सॉफ्टवेअरे मागेच राहिली. युनिकोड मराठी त्यांत चिकटवली की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाई आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. कोरलड्रॉच्या एक्स-६ आणि इनडिझाइनच्या सीएस-६ या आवृत्त्यांत, म्हणजे २०१२ मध्ये, ही परिस्थिती बरीच सुधारली. पुढे मुक्ता, बालू यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट मिळू लागले, तेव्हा फाँटमालिकेची बांधिलकी खऱ्या अर्थाने सैल झाली.

त्याच सुमारास विक्रीची पद्धत बदलली. २०१३ मध्ये अडोबीने एकदाच पैसे भरून घ्यायची सॉफ्टवेअरे पुढे न चालवता वर्गणीचा मार्ग धरला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॅनव्हा सुरू झाले. त्याच्या संस्थापकांपैकी मेलानी पर्किन्स पर्थमध्ये विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअरे शिकवत असत. मूलभूत गोष्टी शिकण्यातच मुलांचा फार वेळ जातो, ही अडचण त्यांनी तेथे पाहिली होती. कॅनव्हाने ती तयार आराखडे देऊन दूर केली. शाळेच्या संमेलनाचे पत्रक किंवा समाजमाध्यमावरील शुभेच्छा यांसाठी ते पुरेसे आहे, परंतु त्यातून आराखडा मिळतो, मांडणी शिकायला मिळेलच असे नाही, असे माझे मत आहे. मुक्त सॉफ्टवेअरची वाट त्याआधीपासून होतीच: छायाचित्रांसाठीचे गिंप १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, रेखाटनासाठीचे इंकस्केप २००३ पासून. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीची अफिनिटी ही डिझाइनची सॉफ्टवेअरमालिका २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती विनामूल्य केली.

म्हणजे आज नवशिक्याला पैशाची अडचण पूर्वीइतकी नाही, फाँटची तर बरीच कमी. छपाईसाठी शिकणाऱ्याने आपले काम जेथे छापले जाणार तेथे कोणती फाइल चालते, हे आधी विचारावे. गावोगावी अजून कोरलची फाइल जुन्या आवृत्तीत सेव्ह करून मागतात. मराठीसाठी आणखी एक चाचणी आहे. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दऱ्या’, ‘कर्तृत्व’ आणि ‘किंकर्तव्यमूढ’ हे शब्द युनिकोडमध्ये लिहून पाहावेत, भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी आणि मराठी रूपे असलेला फाँट घेऊन ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे डोळ्यांनी तपासावे.