ललिता पवार यांची कारकीर्द : दशकांची तुलना

ललिता पवार (१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८) : मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म येवला (जि. नाशिक) येथे. मूकपटापासून दूरदर्शन मालिकेपर्यंत सुमारे सत्तर वर्षे त्या कॅमेऱ्यासमोर होत्या आणि सातशेच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. या कारकिर्दीचे दोन तुकडे करण्याची पद्धत रूढ आहे : १९४२ च्या अपघाताआधीची देखणी नायिका आणि त्यानंतरची खाष्ट सासू. दशके एकमेकींशेजारी ठेवून पाहिली, की ही वाटणी टिकत नाही. अपघाताने त्यांच्या भूमिकांचे वय बदलले, पण अभिनयाचा आवाका त्यानंतरच वाढला. तो आक्रसला फार पुढे, आणि त्याचे कारण त्यांच्या चेहऱ्यात नव्हते, त्यांच्याकडे येणाऱ्या भूमिकांत होते.

पहिल्या दशकाचा निवाडा करणे सर्वांत अवघड आहे. पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत १९२८ च्या सुमारास त्या बालकलाकार म्हणून आल्या. पुढे मूकपटांत नायिका झाल्या. दिग्दर्शक ग. प. पवार हे त्यांचे पहिले पती. त्यांच्याबरोबर काम करताना त्या निर्मितीतही उतरल्या. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. तेव्हा त्यांचे वय होते सोळा. भारतीय मूकपटांतले फारच थोडे आज शिल्लक आहेत, त्यामुळे या ललिताबाईंना पाहण्याची सोय राहिलेली नाही. दशकांची तुलना करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. आपण जिला ‘खरी ललिता पवार’ समजतो ती केवळ जपल्या गेलेल्या फितींमधली आहे.

बोलपट आला तेव्हा मूकपटांतली अनेक नावे मागे पडली. ललिताबाई टिकल्या, कारण त्यांना वाचा होती आणि गळाही होता. नटीने आपली गाणी आपणच म्हणायची असा तो काळ. ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) या बोलपटाने त्यांचे नायिका म्हणून नाव झाले. त्याच दशकात त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट काढला. विशीतल्या एका मराठी मुलीने स्वतःसाठी निवडलेला विषय म्हणून याचे मोल मोठे आहे. पुढच्या कोणत्याही दशकात भूमिका निवडण्याची अशी सत्ता त्यांच्या हाती आली नाही. दशकाच्या शेवटी भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि पाठोपाठ वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा, मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (१९४१) यांमुळे मराठी बोलपटातही त्यांची जागा पक्की झाली.

१९४२ साली एका हिंदी चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. भगवान यांचा हात जोरात बसला. चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. उपचार तीन वर्षे चालले, आणि नायिकापद गेले ते गेलेच. ही हकीकत इतक्यांदा सांगितली गेली आहे, की १९४० चे सगळे दशकच जणू त्या एका थपडेखाली दडपून गेले. पण याच तीन वर्षांच्या पोटात, १९४४ साली, प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला आणि त्यात ललिता पवार आनंदीबाई होत्या.

कारकिर्दीचा खरा सांधा येथे आहे. आनंदीबाई ही सासू नव्हे, म्हातारीही नव्हे. ‘ध’ चा ‘मा’ केल्याचा ठपका मराठी मनाने जिच्यावर कायमचा ठेवला, अशी ती पेशव्यांच्या घरातली महत्त्वाकांक्षी, बुद्धिमान स्त्री. गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यासमोर उभे राहायला वजन लागत होते. सुंदर दिसण्याची जबाबदारी संपली आणि दुसऱ्याला धाक वाटेल असे शांत उभे राहण्याची कला हाती आली, ती याच वेळी. अपघात नसता तर ही भूमिका त्यांच्याकडे आली असती का, हे कोणी सांगू शकणार नाही. अपघातानंतर त्या घरी बसल्या नाहीत, हे मात्र लख्ख दिसते.

१९५० चे दशक हा या कारकिर्दीचा माथा. सुरुवात व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’पासून (१९५०) होते. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू साकारली तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. या वयाच्या नट्या आज नायिका असतात. ‘दाग’मध्ये (१९५२) त्या दिलीपकुमारची आई झाल्या, दिलीपकुमार त्यांच्याहून जेमतेम साडेसहा वर्षांनी लहान. अकाली आलेले हे म्हातारपण त्यांनी केसांच्या पांढऱ्या रंगावर सोडले नाही. चालण्यात, पदर सावरण्यात, वाक्याच्या शेवटी येणाऱ्या फणकाऱ्यात त्यांनी ते वय आणले.

एकच वर्ष घेऊन पाहावे. १९५५ साली राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आहेत. तोंडाने फटकळ, पण परक्या पोराला पोटाशी धरणारी. त्याच वर्षी गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्याच बाई सीतादेवी झाल्या आहेत : श्रीमंत, पुरुषद्वेष्टी, स्त्रीहक्कांच्या चळवळीत पुढारपण करणारी आत्या. एकीची भाषा रस्त्यावरची, दुसरीची सभेतली. तोच बारीक डोळा गंगामाईला मिश्कील करतो आणि सीतादेवीला करडी. डोळ्यातल्या दोषामुळे त्या दुष्ट भूमिकांत अडकल्या, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.

दशकाची अखेरही अशीच जोडीची आहे. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) त्या शिवाशिव पाळणारी, जुन्या वळणाची वडीलधारी आहेत. तिच्या क्रौर्यात आरडाओरडा नाही, आपण धर्मच पाळतो आहोत ही खात्री आहे, आणि म्हणूनच ती अधिक बोचते. त्याच वर्षीच्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त मिसेस डिसा येते. भाडे थकलेल्या तरुण भाडेकरूवर खेकसणारी आणि लपूनछपून त्याची काळजी वाहणारी ही ख्रिस्ती घरमालकीण भेसळीच्या औषधाने मरते, आणि तिच्या मृत्यूवर चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध उभा राहतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मिसेस डिसाचा राग खरा वाटतो आणि मायाही खरी वाटते, हेच तिचे मर्म. रागाचा मुखवटा चढवून आत माया असा सोपा हिशेब त्यांनी कधी केला नाही.

मराठीशी नाते या दशकात तुटले नव्हते. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’त (१९५१) त्या आहेत. पण कामाचा ओघ आता हिंदीकडे वळला होता.

१९६० च्या दशकाचा पूर्वार्ध आधीच्या दशकाचीच पुण्याई आहे. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘मेम दीदी’त त्यांना मध्यवर्ती भूमिका मिळाली : दोन दांडगटांना धाकात आणणारी बाई. चाळिशी ओलांडलेल्या चरित्र-अभिनेत्रीभोवती सगळा चित्रपट रचावा, हे हिंदीत क्वचितच घडे. ‘हम दोनों’मध्ये त्या देव आनंदच्या दोन रूपांपैकी एकाची आई होत्या आणि ‘घराना’त घर मुठीत ठेवणारी सासू. ‘प्रोफेसर’ (१९६२) मात्र या यादीत वेगळा काढून ठेवावा. भाच्यांना कडक शिस्तीत वाढवणारी बाई खोटी दाढी लावलेल्या शम्मी कपूरवर भाळते. त्यांनी ही भूमिका लाजून, मुरकून आणि तरीही प्रतिष्ठा न घालवता केली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हुकलेली प्रणयनायिका जणू या विनोदी पात्रातून डोकावून गेली. दशकाच्या उत्तरार्धात हिंदी चित्रपट रंगीत झाला, सहलीला निघाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे प्रसंग थोडके व ठरीव झाले.

१९७० चे दशक लवकर आटोपते. ‘आनंद’मधली (१९७१) इस्पितळातली मेट्रन तेवढी लक्षात राहते. हृषीकेश मुखर्जींनी तिला डिसा हेच आडनाव दिले, आणि बारा वर्षांपूर्वीची घरमालकीण आता शुभ्र गणवेशात रुग्णावर रागावताना दिसते. बाकीच्या बऱ्याच चित्रपटांत त्यांना नाक मुरडण्यापलीकडे काही करायला नव्हते. सूडाच्या कथांना निरुपा रॉयसारखी सोसणारी आई हवी होती. जाब विचारणाऱ्या म्हातारीला त्यांत फारशी जागा नव्हती.

१९८० साली ‘सौ दिन सास के’ आला. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ म्हणतात, त्या म्हणीचाच हा हिंदी अवतार. ‘दहेज’ची सासू आणि ही सासू यांत तीस वर्षांचे अंतर आहे. पहिली एका सामाजिक दुखण्याचा चेहरा होती. दुसरी हा तयार साचा होता, आणि प्रेक्षक तो साचा ओळखूनच तिकीट काढीत होता. तरी चौसष्टाव्या वर्षी नाव चित्रपट ओढून नेत होते, हेही नोंदवले पाहिजे.

दशकांच्या तुलनेसाठी सर्वांत नेमका पुरावा मंथरेचा आहे, कारण ती त्यांनी दोनदा केली. पहिल्यांदा बाबुभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये (१९६१), पंचेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा रामानंद सागर यांच्या दूरदर्शन मालिकेत, १९८७ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर. चित्रपटातली मंथरा मोठ्या पडद्याच्या मापाची आहे. मालिकेतली घराघरांतल्या छोट्या पडद्यावर, प्रेक्षकापासून हातभर अंतरावर बसलेली. ती कैकेयीच्या मनात विष कालवते ते दासीच्या अधिकाराने नव्हे, माहेराहून सोबत आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हक्काने. ‘आपल्या’ माणसाचे नुकसान होते आहे, ही तिची कळकळ मनापासूनची वाटते. रविवारी सकाळी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या ज्या पिढीने ‘अमृत’ किंवा ‘रामशास्त्री’ पाहिला नव्हता, तिच्यासाठी ललिता पवार म्हणजे मंथराच राहिली.

१९९० च्या दशकात काम तुरळक झाले. अखेरचा काळ पुण्यात गेला आणि औंध येथे त्यांचे निधन झाले.