आमिष नसलेला सापळा

उंदराचा चाप लावायचा म्हटलं की आधी स्वयंपाकघरात शोधाशोध होते. भज्याचा तुकडा, सुक्या खोबऱ्याची कातळी, काहीच नाही तर शिळी भाकरी. इंग्लंडमध्ये मोल पकडणाऱ्याच्या पिशवीत यातलं काहीच नसतं. मोल जमिनीखाली राहतो, मुख्यतः गांडुळांवर जगतो, आणि ती त्याला स्वतःच्याच बोगद्यात आयती मिळतात. मग आमिषाकडे तो कशाला वळेल? म्हणून सापळा त्याच्या रोजच्या वाटेवर, जमिनीखाली, त्याला संशय येणार नाही असा पुरून ठेवावा लागतो. या धंद्यातलं सगळं कसब एवढ्यात आलं.

मराठीत या प्राण्याला स्वतःचं नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाहीच. शब्दकोश ‘चिचुंद्री’ म्हणून मोकळे होतात. पण रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी चिचुंद्री ही फार तर त्याची लांबची चुलत बहीण. भारतात मोल सापडतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे. तेव्हा इथे ‘मोल’च म्हणू. त्याचा किमतीशी संबंध नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

युरोपातला मोल तळहातावर मावेल एवढा, वजनाला साधारण शंभर ग्रॅम. पंजे फावड्यासारखे, आणि अंगठ्याशेजारी कोयत्याच्या आकाराचं एक जादा हाड. अंगावरची मखमली लव पुढेही वळते आणि मागेही, त्यामुळे अरुंद बोगद्यात तो उलटाही सहज सरकतो. गांडुळं जास्त मिळाली तर त्यांच्या डोक्याकडचा भाग चावून साठवून ठेवतो. ती मरत नाहीत, पण पळूही शकत नाहीत. फ्रिज नसलेल्याची सोय.

शेतकऱ्याचं भांडण मोलशी नाही, त्याने वर फेकलेल्या मातीशी आहे. गवत कापताना ढिगाऱ्यांतली माती मुरघासात मिसळते. मातीत लिस्टेरिया नावाचे जिवाणू असतात. मुरघास नीट आंबला नाही की ते वाढतात आणि मेंढ्या आजारी पडतात. यंत्राची पाती बोथट होतात ती वेगळीच. १५६६ साली इंग्लंडच्या संसदेने पिकांना उपद्रवी प्राण्यांची यादी केली, तेव्हा प्रत्येक मोलमागे अर्धा पेनी बक्षीस ठरलं होतं. १७०२ मध्ये राजा तिसरा विल्यम घोड्यावरून पडला आणि त्या दुखण्यातून उठलाच नाही. घोडा मोलच्या ढिगाऱ्याला अडखळला असं म्हणतात. त्याचे विरोधक मग ‘काळ्या मखमली बंडीतल्या छोट्या सद्गृहस्थां’च्या नावाने पेले उंचावू लागले.

विसाव्या शतकात सापळ्याऐवजी विष आलं. गांडुळांना स्ट्रिक्निन लावायचं आणि ती बोगद्यात सोडायची. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं विष. मोल त्याने मरायचा, पण झटके येत, हाल होत. १ सप्टेंबर २००६ पासून ब्रिटनमध्ये हा वापर बंद झाला. उरले दोनच मार्ग. एक फॉस्फिन वायूचा, ज्याला रीतसर प्रशिक्षण लागतं. दुसरा सापळ्याचा, ज्याला काहीच लागत नाही. परवाना नाही, परीक्षा नाही. दुकानातून चार सापळे आणले, गाडीवर नाव रंगवलं की तुम्ही मोल पकडणारे.

संघटना महत्त्वाच्या ठरतात त्या इथे. ‘ब्रिटिश ट्रॅडिशनल मोलकॅचर्स रजिस्टर’, ‘गिल्ड ऑफ ब्रिटिश मोलकॅचर्स’, ‘असोसिएशन ऑफ प्रोफेशनल मोल कॅचर्स’. एवढ्याशा धंद्यात एक सोडून तीन. नवख्याला शिकवणं, सापळे रोज तपासण्याचा आग्रह धरणं, गिऱ्हाइकाला जवळचा माणूस शोधून देणं ही त्यांची कामं. हे सगळं चांगलंच आहे, पण त्यांच्या हातात कायद्याची काठी नाही. सभासदत्व काढून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच शेतात सापळे लावू शकतो.

आता सापळा हातात घेऊन पाहू. जुन्या पद्धतीचा अर्धनळी सापळा म्हणजे उभं चिरलेलं पत्र्याचं नळकांडं. दोन्ही तोंडांशी तारेची एकेक कडी, वर ताणलेली स्प्रिंग, आत छोटासा खटका. मोलने खटका ढकलला की कडी झटक्यात वर येते आणि त्याला छताशी दाबून धरते. मोल कुठल्याही बाजूने येवो, सापळा चालतो. दुसरा प्रकार कात्रीसारखा, दोन जबडे मिटणारा.

चांगल्या आणि स्वस्त सापळ्यात फरक पडतो तो बारीकसारीक गोष्टींनी. कडी बोगद्याच्या तळाशी सपाट बसली नाही, की मोलच्या नाकाला ती आधीच लागते. त्या नाकावर स्पर्शाची हजारो सूक्ष्म इंद्रियं असतात. परकी वस्तू लागली किंवा वरून उजेड, वाऱ्याची झुळूक आली, की तो समोर माती रेटत येतो. खटका जड असेल तर सापळा मातीने गच्च भरतो, सुटत मात्र नाही. सकाळी पाहावं तर मोल बाजूने नवा बोगदा काढून गेलेला.

पकडला गेला तरी प्रश्न संपत नाही. सापळ्याची ताकद दोन गोष्टींनी मोजतात. आघात किती जोराचा, म्हणजे जबड्याचं वस्तुमान गुणिले त्याचा वेग. आणि मिटल्यानंतर पकड किती घट्ट. पहिली गोष्ट इजा करते, दुसरी धरून ठेवते. ताणलेल्या स्प्रिंगमधली ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे स्प्रिंग थोडी कमी ताणली जात असेल तरी ऊर्जेत बरीच घट होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या सँड्रा बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उंदीर, घुशी आणि मोल यांचे बाजारातले नवे सापळे आणून मोजले. एकाच कामासाठी विकल्या जाणाऱ्या सापळ्यांच्या पकडीत चौपट-पाचपट फरक निघाला.

२०१५ मध्ये बेकर यांच्याच गटाने सापळ्यात मेलेल्या मोलांचं शवविच्छेदन केलं. जुन्या जाणत्यांची ठाम समजूत होती, की छाती दाबली जाऊन मोल गुदमरतो आणि चटकन मरतो. प्रत्यक्षात मृत्यूचं मुख्य कारण निघालं अंतर्गत रक्तस्राव. डोक्याला किंवा मानेच्या वरच्या मणक्यांना मार बसला तर शुद्ध लगेच हरपते, पण तसा मार आढळला नाही. त्यामुळे शुद्ध जायला काही मिनिटं लागत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष. मोलची ठेवणच अशी, की भक्कम खांद्यांच्या पुढे डोकं जेमतेम बाहेर असतं, आणि जबडा मिटतो तो छातीभोवती. शिवाय बोगद्यातल्या कोंदट हवेत राहणाऱ्या या प्राण्याचं रक्त ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. गुदमरून चटकन मरण्याची कल्पना मला तरी आधीपासूनच संशयास्पद वाटायला हवी होती.

मग असे सापळे विकू कसे देतात? ब्रिटनमध्ये स्प्रिंगच्या सापळ्यांना सरकारी मान्यता लागते, पण १९५८ च्या आदेशाने मोलचे आणि उंदरांचे सापळे त्यातून वगळले. याउलट स्टोटचं पाहा. हा मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी. सापळ्यात प्राण्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून झालेल्या एका आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत तो आहे. त्याच्या सापळ्याने चाचणीत किमान ८० टक्के प्राण्यांची शुद्ध ४५ सेकंदांत हरपली पाहिजे. या निकषात न बसणारा वर्षानुवर्षं वापरातला फेन सापळा १ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये स्टोटसाठी बंद झाला. मोल त्या यादीत नाही. स्टोटला घड्याळ लागू आणि मोलला नाही, याचं एकही जीवशास्त्रीय कारण मला दिसत नाही.

जिवंत पकडायच्या नळ्याही मिळतात. दिसायला दयाळू, पण मोलला थोड्या-थोड्या तासांनी खायला लागतं. नळी वेळेवर पाहिली नाही तर तो आत उपाशी मरतो. जर्मनीत मोल संरक्षितच आहे. तिथे बागेतले ढिगारे फावड्याने सारखे करतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मुरलेला मोल पकडणारा नवा सापळा तसाच पुरत नाही. खटक्याची कड कानशीने घासतो, कडी वाकवून तळाशी बसवतो, बोटाने पुन्हा पुन्हा सोडून पाहतो, सैल स्प्रिंगचा नग बाजूला टाकतो. २०१२ मध्ये मोजले गेले ते दुकानातून आणलेले कोरे सापळे. असे कानस मारून हाताखालून गेलेले सापळे त्यात नव्हते.